अडकित्त्यानं तोडलेली गोळी

प्रिय आई,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. बावीस वर्षं एका घरात, एका ओट्याशी. जे काही बोलायचं असायचं ते अर्धं तोंडानं आणि अर्धं भांडी आपटून बोलून व्हायचं. तुम्ही गेलात त्याला अकरा महिने झाले. एक गोष्ट बोलायची राहून गेली, आणि आता भांडी आपटून ती तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही.

काल दुपारी कळमेश्वरहून तुमच्या लेकीचा, मंगलताईंचा फोन आला, म्हणून हे लिहिते आहे. त्यांच्या सासऱ्यांचं दुखणं मणक्यात उतरलंय. दवाखान्यातून त्यांना तुमच्याच गोळ्या मिळाल्यात, त्या मॉर्फिनच्या. ताई म्हणाल्या, "मी तं आईसारखं होऊच नाही देत. डबा कुलपात ठेवला. अन् आजपासून अर्धी-अर्धीच देऊन राहिली. मामंजींले पूर्ण झेपत नाही."

माझ्या मशीनवर कुणाची तरी बाही होती. ती तशीच सुईखाली राहिली.

"ताई, ती गोळी तोडाची नसते," मी म्हटलं. "आधी मामंजी जागे हायेत का पाहा. नीट बोलून राहिले का? अन् आत्ताच दवाखान्याच्या नंबरवर फोन करा. अर्धी दिली म्हणून खरं सांगा. पुढची केव्हा द्याची ते त्यांनाच विचारा."

"तुले कसं माहीत?"

"आईंच्या वेळेस सिस्टरनं सांगितलं होतं."

"हो वं. आई तोडून खायची नं," ताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. "हट्टी बाई. त्या हट्टापायी माह्या पोरीच्या साखरपुड्याले आली नाही. आजोळची ओटी तशीच राहिली."

तासाभरानं त्यांचा पुन्हा फोन आला. मामंजी ठीक होते, दवाखान्यातल्यांनी सगळं विचारून घेतलं, कसं द्यायचं ते नीट सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला. पण पुढे काही शिवता आलं नाही. एक माणूस वाचवायला मी खरं बोलले, आणि त्याच दमात तुमच्या माथी पुन्हा तेच खोटं राहू दिलं.

गोळ्या तुम्ही तोडल्या नव्हत्या. मी तोडल्या होत्या. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, तुम्ही समोरच बसल्या होत्या. पण मी आजवर घरच्या कुणापुढे हे वाक्य तोंडानं म्हटलेलं नाही. आज निदान हातानं लिहून बघते आहे.

तोडायला शिकवलं मात्र तुम्हीच. आता रागावू नका, खरं तेच सांगते. आपल्या नंदनवन वस्तीतल्या गल्लीत कुणाचं डोकं दुखलं की तुमचा सुपारीचा डबा उघडायचा. लवंग बाजूला, बडीशेप बाजूला, आणि अडकित्त्यात गोळी धरून कट्कन दोन तुकडे. "पूर्ण गोळी गरम पडते. अर्धी घे अन् वरून ताक पी." शेजारच्या कमलकाकू, त्यांची सून, इस्त्रीवाला, सगळ्यांनी तुमच्या हातची अर्धी गोळी खाल्ली आहे. माझ्या बाळंतपणानंतरच्या गोळ्यासुद्धा तुम्ही अर्ध्या केल्या होत्या. मी तेव्हा गुपचूप दोन्ही अर्ध्या खायची, हे तुम्हाला ठाऊक होतं का?

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोघींच्या समोर सांगितलं होतं. सकाळी आठला एक, रात्री आठला एक. अख्खी गिळायची. तोडायची नाही, चावायची नाही, कुटायची नाही. दुखो न दुखो, वेळ झाली की द्यायची. मधेच कळ आली तर दुसरी छोटी गोळी, ती वेगळी. पोट साफ व्हायचं औषध रोज. फार झोप आली, श्वास मंद वाटला, तर लगेच फोन. मी मान हलवत होते. माझं लक्ष 'मॉर्फिन' या एका शब्दावरच अडकलं होतं.

घरी आल्यावर कमलकाकू म्हणाल्या, "त्याची सवय लागते वं. अन् ते सुरू केलं की माणूस लवकर जाते." मी ते खरं मानलं. शिकलेल्या डॉक्टरचं नाही ऐकलं, भिंतीवरून बोलणाऱ्या काकूंचं ऐकलं. तुम्ही लवकर जाऊ नये म्हणून, आई. कंजूषी नव्हती, कंटाळाही नव्हता. मला वाटलं, अर्धी दिली तर धोकाही अर्धा.

मी कापड कापायच्या आधी दोनदा मोजते. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला कात्री लावताना माझा हात थांबतो, कारण कापलेलं जुळत नाही. तुमची गोळी मात्र मी कुणाला न विचारता कापली.

पहिल्या दिवशी मी डब्यातून अडकित्ता घेतला तेव्हा तुम्ही पलंगावरून बघत होतात. म्हणालात, "अख्खीच दे ना वं. डॉक्टरीणबाई म्हणे तोडू नको."

"तुम्हीच तं शिकवलं, पूर्ण गरम पडते म्हणून," मी हसत म्हटलं.

अर्धा तुकडा जिभेवर घेतलात, कडू लागला म्हणून तोंड वाकडं केलंत. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही अख्खी मागितली होती, आणि मी तुमचाच शब्द तुमच्यावर फिरवला. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

पुढचे तीन आठवडे काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही. आठला अर्धी दिली की तासाभरात तुम्ही गुंगायच्या, काहीबाही बरळायच्या, माझ्या आईला हाका मारायच्या, जिला तुम्ही जेमतेम चारदा भेटला होतात. आणि दुपारी बाराच्या आत कंबरेतून कळ सुरू. पदराचा बोळा तोंडात धरून तुम्ही भिंतीकडे वळायच्या. मग मी उरलेली अर्धी द्यायची. पण लगेच नाही. आधी थोडं थांबायची, सहन होतं का बघायची. घड्याळावर द्यायची गोळी मी तुमच्या कण्हण्यावर द्यायला लागले होते.

यांना काही कळत नव्हतं. हिंगण्याची पहिली पाळी, सकाळी कंपनीची बस, परत येईस्तोवर तुम्ही पुन्हा गुंगीत. विचारायचे, "आईले बरं हाये ना?" मी म्हणायची, "झोपल्या आहेत." ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

आणि मग श्वेताच्या साखरपुड्याचा रविवार. तुमची मोठी नात, ताईंची पहिली पोरगी. तुम्ही महिनाभर आधीपासून आजोळची साडी काढून ठेवली होती, मोरपंखी, बारीक काठाची. हात वर होत नाहीत म्हणून मी तुम्हाला पुढून हुकाचा सैल ब्लाउज शिवला. तुम्ही तो तपासलात आणि म्हणालात, "बाही जरा लांब झाली." बाही बरोबर होती. पण तुम्ही कधी कुठली वस्तू बिनखोट घेतली आहे? वांग्याच्या भाजीत तुमच्या हातून मीठ जास्त पडलं तर "आजकालचं मीठच खारट येते" म्हणणारी बाई तुम्ही. बावीस वर्षांत 'माझं चुकलं' हा शब्द मी तुमच्या तोंडून ऐकला नव्हता.

दहाला गाडी येणार होती. आठला मी अडकित्ता घेतला.

तुम्ही माझं मनगट धरलंत. तुमच्या हातात तेव्हा एवढा जोर कुठून आला कोण जाणे. म्हणालात, "आज तरी अख्खी दे वं संध्या. मले पोरीची ओटी भराची हाये. बसता आलं पाहिजे."

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आई. ना यांना, ना ताईंना.

मी म्हटलं, "अर्धी आत्ता घ्या, अर्धी निघताना देते, म्हणजे रस्ताभर पुरेल." शिवणकामातला शहाणपणा. साडेनऊला साडी नेसवताना तुम्ही कळवळलात, तेव्हा उरलेली अर्धी दिली. आणि कळमेश्वरचा रस्ता खराब, धक्के बसतील, म्हणून लगोलग ती मधली छोटी गोळीही दिली. सगळं तुमच्या भल्यासाठी. एवढ्या थोड्या वेळात तुमच्या अंगात एकदम किती गेलं, याचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

गाडी दारात आली तेव्हा तुम्ही खुर्चीवर मान टाकून बसला होतात. मला वाटलं डुलकी लागली. हाक मारली, हलवलं, गालावर पाणी लावलं. डोळे उघडेनात. श्वास एक यायचा आणि मग बराच वेळ काहीच नाही. यांनी दवाखान्याच्या नंबरवर फोन लावला, तिकडून म्हणाले, एक मिनिट घालवू नका, घेऊन या. कळमेश्वरला जायची गाडी आम्ही दवाखान्याकडे वळवली. मागच्या सीटवर तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि ओटीचं तांदूळ-नारळाचं ताट पायाशी सांडलं होतं.

हे बाहेर कागद भरत होते, तेव्हा आत डॉक्टरांना मी सगळं खरं सांगितलं. काय दिलं, किती वाजता दिलं, सगळं. तिथे लपवलं नाही, तेवढी अक्कल देवानं शिल्लक ठेवली. त्यांनी लगेच सुई दिली, नळी लावली, दिवसभर तुमच्याजवळ यंत्र पीं-पीं करत राहिलं. दुपारी चारच्या सुमारास तुम्ही डोळे उघडलेत आणि आधी विचारलंत, "किती वाजले? मुहूर्त गेला काय?"

मुहूर्त गेला होता. थोड्या वेळानं साखरपुड्याच्या साडीतच ताई आल्या, गजरा तसाच. पुढे दर आठवड्याला घरी यायला लागल्या, त्या वंदना सिस्टरही आल्या. त्यांनी आम्ही सोबत नेलेला गोळ्यांचा डबा उघडला तर आत अर्धे तुकडे. त्या एकदम थबकल्या.

"ही हळूहळू सुटणारी गोळी आहे," त्या म्हणाल्या. "बारा तासांचं औषध तिच्यात बांधलेलं असतं. तोडली की ते बांधलेलं सुटतं, सगळं एकदम अंगात जातं आणि नंतर उरत काही नाही. अर्धी म्हणजे कमी असं नसतं इथे. कोणी तोडल्या या?"

मी फाइल छातीशी धरून उभी होते. तोंड उघडलं होतं मी, देवाशपथ उघडलं होतं. पण ताई माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत आधीच अर्धा निकाल होता.

"मीच तोडल्या," तुम्ही म्हणालात. "माहा अडकित्ता, माही गोळी. या पोरीले काहून विचारता? तिनं तं अख्खीच दिली होती."

तुम्ही! जिनं कधी खारट मिठाचा दोष स्वतःकडे घेतला नाही, तिनं हा घेतला.

ताई खूप बोलल्या तुम्हाला. आजारी आईला कुणी बोलू नये असं बोलल्या. "तुले नातीपेक्षा आपला हट्ट मोठा?" तुम्ही छताकडे बघत ऐकून घेतलंत. आणि मी फाइलमधले कागद सरळ करत राहिले. आधीच सरळ असलेले कागद.

त्यानंतरचे दोन महिने आठवले की मला जास्त त्रास होतो. सिस्टरनी जाड पुठ्ठ्यावर तक्ता लिहून दिला, मी तो कॅलेंडरशेजारी लावला. आठला अख्खी, आठला अख्खी. मधली छोटी गोळी कधी, दोनमध्ये किती वेळ हवा, सगळं लिहिलेलं. डबा कुलपात, किल्ली माझ्या गळ्यात. आणि आई, तुम्ही उठून बसलात! मेथी निवडायला लागलात. मालिकेतल्या सुनेला शिव्या घालायला लागलात. गोळाभाताचे गोळे किती घट्ट भिजवायचे यावरून माझ्याशी दोन दिवस भांडलात. गुंगी नाही, बरळणं नाही. दुखायचं, पण सोसेल एवढंच.

सवय लागेल म्हणून मी घाबरले होते. सिस्टर म्हणाल्या, डॉक्टरांच्या देखरेखीत दुखण्यापुरतं घेतलेलं औषध आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही शंका मी तेव्हाच विचारायला हवी होती. खरंच, विचारायला काय झालं होतं मला? पुठ्ठ्याच्या खाली त्यांचा नंबर होता. पहिल्या कागदावरही होता. म्हणजे ते आधीचे तीन आठवडेसुद्धा तुम्हाला असेच मिळायला हवे होते. बसून, बोलून, भांडून. ते मी घालवले. मोजून एकवीस दिवस, आणि त्यातला तो एक रविवार.

एकदा तुमच्या केसांना तेल लावताना मी म्हटलं, "आई, मी ताईंले खरं सांगते."

तुम्ही मान न वळवता म्हणालात, "राहू दे. मंगला माह्यावर रागावली तं दोन दिवस रागावन, माय हाये मी तिची. तुह्यावर रागावली तं जनमभर काढन. मी चालली, तुले याच घरात राहाचं हाये."

मग वर म्हणालात, "तेल जास्त झालं."

मी गप्प बसले. मला ते सोयीचं होतं, हे आज कबूल करते. तुमची आज्ञा पाळते असं स्वतःला सांगत होते, पण खरं तर मला ताईंच्या नजरेची भीती होती. तुम्ही गेल्यावर उरलेल्या गोळ्या मी दवाखान्यात परत नेऊन दिल्या, तक्ता काढून ठेवला, सगळं नियमानं केलं. तेवढं एक वाक्य मात्र कुठेच परत केलं नाही.

पण आई, एकदा मी तुम्हाला बोलू का? तुमचा अंदाज चुकला. ताईंचा राग दोन दिवसांचा नव्हता. तेरवीला त्या कोपऱ्यात बसून म्हणत होत्या, "माय होती, पण माह्या पोरीसाठी एक दिवस हट्ट सोडला नाही." श्वेताच्या लग्नात आजोळची ओटी मी भरली, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. लोकांना वाटलं रडू आलं असेल. मला माहीत होतं, तो राग होता, तुमच्यावरचा. आपल्या आईला आपण नकोशा होतो, असं मनात धरून एक बाई म्हातारी होत चालली आहे. माझ्यामुळे. मला वाचवताना तुम्ही तुमची पोरगी अर्धवट सोडलीत.

आणि काल तर हे खोटं आणखी पुढे गेलं. आईनं हट्टानं तोडल्या एवढंच ताईंना ठाऊक होतं. घाबरून, मायेनं, जपून, एका शहाण्या बाईनं तोडल्या हे ठाऊक असतं, तर त्यांनी स्वतः मायेनं तोडताना एकदा तरी हात थांबवला असता. हट्टी माणसाची चूक कुणी आपल्याला लावून घेत नाही.

म्हणून उद्या सकाळच्या बसनं मी कळमेश्वरला जाते आहे. यांना आज संध्याकाळी सांगेन, शिफ्टवरून आले की, चहाच्या आधी. पिशवीत सिस्टरचा तो पुठ्ठा घेतला आहे, मामंजींच्या खोलीत लावायला. त्यांच्या गोळ्यांचं माप वेगळं असेल, ते त्यांचे डॉक्टर लिहून देतील. पण वरचं पहिलं वाक्य तेच राहील: अख्खी गिळायची.

आणि तुमचा तो ब्लाउज घेतला आहे. पुढून हुकाचा, एकदाच अंगाला लागलेला. ताईंना तो दाखवून सांगणार आहे: आई येणार होत्या, तयार होत्या, साडी नेसून खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरून अख्खी गोळी मागितली होती, तुमच्या पोरीची ओटी भरायला बसता यावं म्हणून. मी दिली नाही.

ताई रागावतील. जन्मभर काढतील कदाचित. काढू देत. तो राग माझाच होता, इतके दिवस तुमच्याकडे ठेवायला दिला होता. उद्या घेऊन येते. तुमचं ते वाक्य मी त्यांना तुमच्याच शब्दांत सांगेन, एक शब्द न तोडता. हे वचन.

बाही बरोबर होती, आई. तेवढं मात्र मी ऐकून घेणार नाही.

तुमची,
संध्या